नामदार गोखले आणि पुण्यांतील महामारी

शिवथरच्या खोऱ्यांत पावसाळा जसा आनंदाचा, तसाच धास्तीचाही समय होय. ता. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं, हें येथील आबालवृद्धांस ठाऊक आहे. पुरानें वाटा बंद झाल्यामुळें सरकारी पथकें पोंचण्यापूर्वीं गांवकऱ्यांनींच ढिगारा उपसण्यास आरंभ केला होता. अशा संकटांत सरकार आणि लोक यांनीं एकमेकांच्या हातांत हात कसा द्यावा, हा प्रश्न नवा नाहीं. सव्वाशे वर्षांपूर्वीं कोंकणच्या एका सुपुत्रापुढें तो फार कठीण रूपानें उभा राहिला होता. ते थोर पुरुष म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले.

गोपाळरावांचा जन्म ता. ९ मे १८६६ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक या गांवीं झाला. लहान वयांतच त्यांचें पितृछत्र हरपलें. वडील बंधु गोविंदराव यांनीं स्वतःचा विद्याभ्यास सोडून नोकरी पत्करिली आणि आपल्या पंधरा रुपये पगारांतून दरमहा आठ रुपये धाकट्या भावाच्या शिक्षणास दिले. गोपाळरावांनीं या त्यागाचें चीज केलें. १८८४ सालीं ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतून बी. ए. झाले. पुढें धनाचा मोह टाकून त्यांनीं पुण्याचें न्यू इंग्लिश स्कूल व फर्ग्युसन कॉलेज येथें अल्प वेतनावर अध्यापन केलें. न्यायमूर्ति रानडे यांस त्यांनीं गुरु मानिलें. पुराव्यावांचून सार्वजनिक विधान करावयाचें नाहीं, ही शिस्त त्यांस रानड्यांपाशीं लागली.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ उद्भवली व लवकरच ती पुण्यास पोंचली. ता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यांत रँडसाहेबांच्या देखरेखीखालीं प्लेग कमिटी नेमण्यांत आली आणि गोरे शिपाई घरोघर झडत्या घेऊं लागले. रोग्यास इस्पितळांत व त्याच्या घरच्या मंडळींस निराळ्या छावणींत नेत. हेतु रोग हटविण्याचा होता; परंतु बळजबरीची रीति लोकांस असह्य झाली. स्वयंपाकघरांत व देवघरांत परके शिपाई शिरूं लागले, तेव्हां लोक भयानें रोगी लपवूं लागले. अशा रीतीनें जो उपाय रोगाच्या निवारणासाठीं योजिला, तोच भीतीमुळें निष्फळ होऊं लागला.

या वेळीं गोखले विलायतेंत वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यास गेले होते. पुण्याहून त्यांस मित्रांचीं पत्रें आलीं. त्यांत शिपायांनीं स्त्रियांवर अत्याचार केल्याची वार्ता होती. ती खरी मानून त्यांनीं तेथें जाहीर केली. इकडे ता. २२ जून रोजीं रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली व वातावरण अधिकच तप्त झालें. सरकारनें पुरावा मागितला. लोकांचा छळ झाला हें खोटें नव्हतें; परंतु जुलैअखेर गोखले मुंबईस उतरले तेव्हां त्या विशिष्ट आरोपाच्या पुष्ट्यर्थ कोणी पुढें येईना. मित्रांचीं नांवें उघड करणें त्यांस प्रशस्त वाटलें नाहीं. तेव्हां सारा दोष स्वतःच्या शिरावर घेऊन त्यांनीं ऑगस्टच्या आरंभीं गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट व शिपाई यांची जाहीर क्षमा मागितली. देशबांधवांनीं त्यांस भ्याड म्हटलें. त्या सालच्या अमरावतीच्या राष्ट्रीय सभेंत त्यांच्या भाषणासही विरोध झाला.

दुसरा कोणी असता तर रुसून घरीं बसला असता. परंतु पुण्यांत पुन्हां प्लेग आला, तेव्हां गोखल्यांनीं स्वयंसेवक म्हणून आपलें नांव दिलें. ज्या सरकारची क्षमा मागितली त्याच्या बरोबर, आणि ज्या लोकांनीं भ्याड म्हटलें त्यांच्याच आळींत, त्यांनीं मनोभावें सेवा केली. इस्पितळ, औषध व अधिकार हीं सरकारपाशीं होतीं. परंतु घाबरलेल्या घराचें दार ओळखीच्या माणसाच्या शब्दानेंच उघडत असे. गोखल्यांच्या या सेवेची सरकारनेंही दखल घेतली. सक्तीचे उपायही सरकारनें पुढें हळूहळू सैल केले.

पुढें ते कायदेमंडळाचे सभासद व पुणें नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. ता. १२ जून १९०५ रोजीं त्यांनीं भारत सेवक समाज स्थापन केला. १९०७-०८ सालीं संयुक्त प्रांतांत दुष्काळ पडला असतां या समाजाच्या सेवकांनीं तेथें जाऊन पीडितांस साहाय्य केलें. ता. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं, वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षीं, गोपाळरावांनीं पुण्यांत देह ठेविला.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रापासून काय घ्यावें? संकटाच्या वेळीं कानावर आलेली वार्ता पारखल्यावांचून पुढें देऊं नये. आपली चूक झाली तर ती निर्भयपणें मान्य करावी. आणि मानापमान विसरून पुन्हां कामास लागावें. कोणत्या घरीं अंथरुणास खिळलेली आजी आहे, कोणती वाट पुरांत प्रथम बुडते, हें दूरच्या अधिकाऱ्यास ठाऊक नसतें; तें आपल्या खोऱ्यांतील मुलामाणसांस ठाऊक असतें. तें त्यांनीं वेळेवर सांगावें आणि अधिकाऱ्यांनीं आदरानें ऐकावें, म्हणजे गोखल्यांची सेवा आपण पुढें चालविली असें होईल.