बाबा पदमनजी : सामान्य वाचकांचे धर्मलेखक

फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे छापले गेले. ते ओवीबद्ध होते. मंडळीने एकत्र बसून ऐकावे, असे त्याचे रूप होते. त्यानंतर सुमारे अडीच शतकांनी, एकट्याने बसून वाचता येईल अशा साध्या गद्यात ख्रिस्ती धर्मविचार मराठीत आणणाऱ्यांत अग्रणी ठरले ते बाबा पदमनजी.

शेजारच्या बेळगावात १८३१ मध्ये एका कासार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बेळगाव व मुंबई येथील मिशनरी शाळांत त्यांचे शिक्षण झाले. मुंबईत जातिभेद न मानणाऱ्या परमहंस सभेशीही त्यांचा संबंध आला. अखेर १८५४ मध्ये त्यांनी बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाची किंमत मोठी होती. आप्त दुरावले, पत्नीने नव्या धर्मात सोबत येण्यास नकार दिला आणि संसार मोडला.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. यमुना पतीसह महाराष्ट्रात प्रवास करते, ठिकठिकाणच्या विधवांची केशवपनासारखी दुःखे पाहते आणि पुढे स्वतःच विधवा होते. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी झाला होता. परंतु कायद्याने घरातील रूढी हटली नव्हती. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून या पुस्तकाचा उल्लेख केला जातो.

१८६७ मध्ये पुण्यात फ्री चर्चचे पाळक म्हणून त्यांना दीक्षा मिळाली. काही वर्षांनी ते पद सोडून ते मुंबईस आले व धर्मपुस्तके तयार करणाऱ्या संस्थांसाठी लेखन करू लागले. मोल्सवर्थच्या कोशाची संक्षिप्त आवृत्ती, ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र, बायबलवरील टीका आणि असंख्य लहान पुस्तिका मिळून त्यांची ग्रंथसंख्या शंभरावर जाते.

धर्मप्रसार हा त्यांचा उघड हेतू होता आणि त्यामुळेच त्यांच्या काळातील अनेक वाचक त्यांच्यापासून दूर राहिले. यमुनेची कथाही अखेरीस ख्रिस्ती धर्माच्या स्वीकारापर्यंत पोहोचते. तरीही तिच्या वाटेवर भेटलेल्या विधवांचे दुःख कोणत्याही एका धर्माच्या वाचकापुरते उरले नाही. २९ ऑगस्ट १९०६ रोजी पदमनजी निवर्तले. त्यांच्या बहुतेक पुस्तिका आज विस्मृतीत गेल्या आहेत. यमुनेचा प्रवास मात्र मराठी कादंबरीच्या प्रत्येक इतिहासात आरंभीच भेटतो.