तुर्गो : वीस महिन्यांचा अर्थमंत्री

राष्ट्र श्रीमंत कशाने होते, तिजोरीतील सोन्यारुप्याने की प्रजेच्या मोकळ्या उद्योगाने, हा वाद बहुधा ग्रंथांत चालतो. अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये मात्र तो पावाच्या दुकानांवरील दंग्यांपर्यंत गेला, आणि त्यात एका प्रामाणिक मंत्र्याची कारकीर्द बुडाली. आन रोबेर झाक तुर्गो हे त्याचे नाव. ज्यांचा चरितार्थ खरेदीविक्रीवर चालतो त्यांस त्याचे चरित्र परिचित असावे, म्हणून ते येथे थोडक्यात देत आहो.

प्रतिपक्षाची बाजू आधी सांगणे न्याय्य होईल. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर हा व्यापारवादाचा तेथील कर्ता पुरुष. जगातील व्यापार परिमित आहे, सबब आपला वाढवावयाचा तर शेजाऱ्याचा घटला पाहिजे. माल बाहेर जावा, सोने आत यावे, आणि सरकारने कारखानदारास हात धरून चालवावे, असे त्याचे मत. त्याने १६६४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनी काढली. तिची वखार १६६८ पासून सुरतेस होती. शिवाजी महाराजांची सुरतेवर दुसरी स्वारी झाली तेव्हा, १६७० मध्ये, ती तेथेच होती. परदेशी मालावर त्याने १६६७ मध्ये जबर जकात बसविली, तिने डचांशी वैर वाढले आणि १६७२ मध्ये युद्ध जुंपले. कापडाची लांबी, रुंदी, सूत, रंग, सर्वांचे नियम झाले. १६७० च्या हुकुमान्वये सदोष माल करणाऱ्याच्या नावानिशी चव्हाट्यावर खांबास टांगावयाचा, आणि तिसऱ्या गुन्ह्यास माणसासच खांबास बांधावयाचे! तथापि कोल्बेरास मूर्ख म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. त्याने नवे धंदे उभे केले, हे खरे आहे.

१६८३ मध्ये तो वारला. नियम मागे राहिले, ते चालविणारी बुद्धी राहिली नाही. रेशीम व लोकर विणणाऱ्यांच्या रक्षणार्थ १६८६ मध्ये हिंदुस्थानच्या छापील सुती कापडास मज्जाव झाला. फ्रान्समध्ये तसे छापणेही गुन्हा ठरले. चोरट्या व्यापाऱ्यांस सरकारी गलबतांवर वल्ही मारण्याची सजा होई, तरी चिटांची हौस कोणी सोडली नाही. ही बंदी १७५९ पर्यंत टिकली. ती उठविण्यासाठी झटणाऱ्यांत व्हँसाँ द गुर्ने हा अधिकारी प्रमुख होता. तो मूळचा व्यापारी. स्पेनमधील कादिझ बंदरात त्याने अनेक वर्षे पेढी सांभाळली होती. हाच तुर्गोचा गुरू.

तुर्गो १० मे १७२७ रोजी पॅरिसात जन्मला. वडील त्या शहराच्या कारभाराचे मुख्य. मुलास धर्मोपदेशकाच्या शिक्षणास घातले होते, पण तो मार्ग सोडून त्याने राजसेवा पत्करली आणि गुर्नेबरोबर प्रांतोप्रांती हिंडून उदीम पाहिला. १७६१ मध्ये त्यास लिमोज या दरिद्री प्रांताची सुभेदारी मिळाली. रस्त्यांच्या कामासाठी शेतकऱ्यास तेथे वेठीस धरीत. ती वेठबिगार मोडून त्याने पैसे देऊन मजूर लावले. १७७० च्या सुमारास दुष्काळ पडला. गावोगावचे अंमलदार धान्याच्या गाड्या अडवू लागले. तुर्गोने त्या सोडविल्या, कारण अडविलेली गाडी पुन्हा त्या वाटेस येत नाही हे तो जाणून होता. परंतु तेवढ्यावर तो थांबला नाही. त्याने दुष्काळी कामे काढली, आणि बटाईदार कुळांस पुढील पीक येईतो पोसण्याचा हुकूम जमीनमालकांस दिला. मोकळा व्यापार आणि भुकेल्यास काम, या दोहोंची सांगड त्या सुभ्यात पडली होती. त्याच्या चरित्रात आम्हांस हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

ऑगस्ट १७७४ मध्ये सोळाव्या लुईने त्यास अर्थमंत्री केले. नवे कर्ज नाही, नवा कर नाही, दिवाळे नाही, काटकसर मात्र कडक, असा त्याचा बेत होता. १३ सप्टेंबर रोजी त्याने राज्यांतर्गत धान्यव्यापार मोकळा केला. निर्यात खुली केली नाही. दुर्दैव असे की त्याच साली पीक बुडाले. भाव चढले. गरिबाच्या कमाईचा मोठा भाग पावावर जाई, आणि दरबारच धान्य दडवितो असा संशय लोकांच्या मनात जुनाच होता. एप्रिल १७७५ मध्ये दिजाँ येथे दंगा झाला. ३ मे रोजी पॅरिसातील पावाची दुकाने लुटली गेली. तुर्गोने फौज आणली, दोघा सामान्य माणसांस भर चौकात फाशी झाली. नेकरचा धान्यव्यापारावरील टीकाग्रंथ नेमका त्याच वेळी बाहेर पडला. परदेशी धान्य आणणाऱ्यास तुर्गोने बक्षिसी लावली होती खरी. पण लिमोजला जी तजवीज भुकेच्या बरोबरीने उभी राहिली, ती राजधानीत मागाहून आली. तत्त्व खरे असले तरी रिकामे पोट सुगीपर्यंत वाट पाहत नाही, हे त्याच्यासारख्या अनुभवी सुभेदाराने विसरावयास नको होते.

पुढील आघात त्यास वरच्या वर्गाकडून बसला. १७७६ च्या आरंभी त्याने सहा हुकूम मांडले. त्यांपैकी एकाने देशभरची वेठ बंद करून रस्त्यांचा खर्च जमीनमालकांवर, सरदारांसुद्धा, टाकला. दुसऱ्याने कारागिरांचे बंदिस्त संघ मोडले. या संघांत उस्तादाच्या मुलास सहज प्रवेश. परक्यास वर्षानुवर्षे उमेदवारी व जबर फी. आणि स्त्रियांस भरतकामासारख्या धंद्यातही आडकाठी. जन्मावरून धंदा ठरविण्याची रीत आपणांस परकी नाही, तेव्हा या हुकुमाचे मर्म अधिक सांगावयास नको. पॅरिसच्या न्यायमंडळाने हुकूम नोंदण्यास नकार दिला. १२ मार्च रोजी राजाने स्वतः बसून ते नोंदवून घेतले. त्याच आठवड्यात, ९ मार्चला, ॲडम स्मिथचा प्रसिद्ध ग्रंथ लंडनात बाहेर पडला होता. दहा वर्षांपूर्वी पॅरिसात त्याची आणि तुर्गोची गाठ पडली होती.

पण सरदार, न्यायाधीश, संघांचे उस्ताद आणि काटकसरीने दुखावलेली राणी यांपुढे राजा नमला. १२ मे १७७६ रोजी तुर्गोस बडतर्फ करण्यात आले. ऑगस्ट उलटण्यापूर्वी वेठही परत आली आणि संघही. तुर्गोने उरलेली वर्षे अभ्यासात घालविली. संधिवाताने जर्जर होऊन १८ मार्च १७८१ रोजी तो वारला. कारागिरांचे संघ १७९१ मध्ये राज्यक्रांतीने कायमचे मोडले, आणि त्याच क्रांतीने दोनच वर्षांनी, १७९३ मध्ये, धान्याचे व इतर जिनसांचे भाव कायद्याने बांधून दिले.