अलेक्झांडर मॅके

अलेक्झांडर मॅके (११ एप्रिल, १८४१ – ८ जुलै, १९१७) हे न्यू झीलंडचे भूवैज्ञानिक होते. भूकंपात प्रस्तरभंगालगतची जमीन वरखाली न होता आडवी सरकू शकते, हे प्रत्यक्ष मोजमापाने दाखवणाऱ्या पहिल्या अभ्यासकांत त्यांची गणना होते.

त्यांचा जन्म स्कॉटलंडमधील कार्सफर्न येथे झाला. शालेय शिक्षण तुटपुंजेच राहिले. १८६३ साली ते न्यू झीलंडला आले आणि काही वर्षे सोन्याच्या शोधात भटकले. या भटकंतीत त्यांची भूवैज्ञानिक युलिउस फोन हास्ट यांच्याशी गाठ पडली. हास्ट यांनी त्यांना मदतनीस म्हणून घेतले. मात्र पुढे एका गुहेतील उत्खननाचे निष्कर्ष प्रसिद्ध करण्यावरून दोघांत मोठा वाद झाला. तोवर मॅके वेलिंग्टन येथे जेम्स हेक्टर यांच्या हाताखाली भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रुजू झाले होते. तेथे त्यांनी जीवाश्मांचा प्रचंड संग्रह केला.

=== १८८८ चा भूकंप ===

१ सप्टेंबर, १८८८ रोजी पहाटे नॉर्थ कँटरबरी भागात सुमारे ७ रिश्टर तीव्रतेचा भूकंप झाला. मनुष्यहानी झाली नाही. परंतु सुमारे १०० किलोमीटरवरील क्राइस्टचर्च शहरात कॅथीड्रलच्या मनोऱ्याचे टोक कोसळले. शहरात चर्चा या मनोऱ्याचीच होती. भूकंपाचा खरा पुरावा मात्र दूर डोंगराळ भागातील मेंढपाळांच्या कुरणांत होता. होप नदीच्या खोऱ्यातून जमिनीला लांबवर भेग गेली होती. ग्लिन वाय येथे तारांची सरळ कुंपणे या भेगेवर तुटून बाजूला सरकलेली मॅके यांना आढळली. त्यांनी मोजलेले हे सरकणे सुमारे १.५ ते २.६ मीटर भरले. भेगेच्या उत्तरेकडील जमीन पूर्वेकडे गेली होती. उंचीत पडलेला फरक त्या मानाने नगण्य होता. कुंपण मुळात सरळ रेषेत घातलेले असल्यामुळे मोजणीत शंकेला फारशी जागा नव्हती.

प्रस्तरभंगाची हालचाल मुख्यतः वरखाली होते, अशी तेव्हाची समजूत होती. १८५५ च्या वाइरारापा भूकंपात जमीन उचलली गेल्याने ती दृढ झाली होती. त्यामुळे मॅके यांच्या निरीक्षणाची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही. १८९१ चा जपानमधील नोबी भूकंप आणि १९०६ चा सॅन फ्रान्सिस्को भूकंप यांनंतर आडव्या सरकण्याकडे जगाचे लक्ष गेले.

मॅके यांना छायाचित्रणाचीही आवड होती. दूरवरचे दृश्य टिपणारी भिंगे त्यांनी स्वतः तयार केली. वेलिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. न्यू झीलंडच्याच आल्पाइन प्रस्तरभंगाच्या दोन्ही बाजूंचे खडक सुमारे ४८० किलोमीटर सरकले आहेत, हे हॅरोल्ड वेलमन यांनी १९४० च्या दशकाअखेरीस मांडले.