रंग रक्तातला, मांड कमावलेली

श्रीवर्धनच्या समुद्रावर पिकनिकला गेला असाल, तर पेशव्यांच्या मूळ गावी जाऊन आलात. बाळाजी विश्वनाथ भट इथलेच. जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसलं आणि ते घाटावर आले. कारकुनी करत करत १७१३ साली शाहू महाराजांचे पेशवे झाले. पुढच्याच वर्षी कान्होजी आंग्र्यांना नुसत्या बोलण्यांवर शाहूंकडे वळवलं. १७१९ला दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. डोकं तल्लख, पण घोड्यावर बसायची बोंब! त्यांना सावरायला दोन्ही बाजूंना माणूस लागायचा म्हणे. तेही मराठी फौज म्हणजे घोडदळ, अशा काळात.

त्या घोड्यांचे रंग मात्र आईबापांवरून ठरायचे. आयाळीसकट तांबड्या घोड्यात एका जनुकाच्या दोन्ही प्रती केसांत काळा रंग बनू देत नाहीत. म्हणून तांबडा घोडा आणि तांबडी घोडी यांचं शिंगरू तांबडंच. पांढरे दिसणारे बहुतेक घोडे जन्मतात गडद आणि वयाबरोबर पांढरे होत जातात. हा गुणही आईकडून किंवा बापाकडून आलेला.

घोड्यावरची मांड अशी रक्तातून येत नाही. १७२०मध्ये बाळाजी वारले आणि १९ वर्षांच्या बाजीरावांना पेशवेपद मिळालं. आठ वर्षांनी त्यांनी निजामाला पळव पळव पळवून पालखेडला कोंडीत पकडलं, ते घोडदळाच्या वेगावर. पद वडिलांमुळे मिळालं असेल. ती घोडदौड त्यांची स्वतःची होती.