न्यायमूर्ति लॉर्ड स्टोवेल

युद्धाच्या गडबडींत भर समुद्रांत एखादें व्यापारी जहाज पकडलें, तर तें कोणाचें? पकडणाराचें, असें उत्तर वर्गांत बहुतेक विद्यार्थी देतात. परंतु अशा जहाजांचा न्यायानें निवाडा करण्यांत एका पुरुषानें तीस वर्षें घालविलीं. त्या सर विल्यम स्कॉट, म्हणजेच पुढील लॉर्ड स्टोवेल, ह्यांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्यांचा जन्म ता. १७ ऑक्टोबर १७४५ रोजीं उत्तर इंग्लंडांत झाला. वडील न्यूकॅसल येथें कोळशाचा व जहाजांचा व्यापार करीत. त्या वर्षीं बंडखोरांच्या भीतीनें शहराच्या वेशी बंद होत्या. तेव्हां आईला टोपलींत बसवून तटावरून खालीं सोडलें व नदीपलीकडील हेवर्थ गांवीं नेलें, अशी आख्यायिका आहे. हेवर्थ डरॅम परगण्यांत मोडत असल्यामुळें तेथील मुलांकरितां राखलेली ऑक्सफर्डची शिष्यवृत्ति विल्यम ह्यांस १७६१ सालीं मिळाली. पुढें ते तेथेंच प्राचीन इतिहासाचे अध्यापक झाले. डॉ. जॉन्सन ह्यांच्यासारख्या पंडिताचा स्नेह त्यांस लाभला. मग कायद्याकडे वळून १७९८ सालीं ते लंडनच्या आरमारी न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

तेव्हां इंग्लंड व फ्रान्स ह्यांचें युद्ध चालू होतें. युद्धनौका, तसेंच सरकारी परवाना घेतलेलीं खासगी गलबतें, शत्रूचीं व्यापारी जहाजें पकडीत; शत्रूचा माल असल्याच्या संशयावरून तटस्थ राष्ट्रांचींही जहाजें अडवीत. जहाजाचे कागद व खलाशांच्या जबान्या न्यायालयापुढें येत. जप्तीचा हुकूम झाला म्हणजे विक्रीचा पैसा पकडणाऱ्या कप्तानास व खलाशांस वांटून मिळे. न्यायाधीश इंग्लंडच्या राजाचा, पकडणारे त्याचे देशबांधव, आणि दाद मागणारा परका! अशा ठिकाणीं तराजूचा कांटा सरळ राहणें किती कठीण!

१७९९ सालीं ‘मारिया’ नामक स्वीडिश जहाजाचा खटला निघाला. डांबर, फळ्या, लोखंड घेऊन स्वीडिश लढाऊ जहाजाच्या पहाऱ्यांत जाणाऱ्या ह्या काफिल्यानें झडतीस विरोध केला होता. स्कॉट ह्यांनीं असें तत्त्व सांगितलें कीं, न्यायासन लंडनमध्यें असलें तरी राष्ट्राराष्ट्रांमधील कायदा कोणा एका गांवचा नव्हे. स्टॉकहोममध्यें बसून जो निकाल दिला असता, तोच येथेंही दिला पाहिजे. निकाल मात्र जप्तीचाच झाला. तत्त्व उदात्त, पण लाभ स्वदेशाचा! तेवढ्यावरून आम्ही त्यांस थोर म्हटलें नसतें.

खरी परीक्षा पुढील वर्षीं झाली. प्रशियाच्या तटस्थ पाण्यांत उभ्या असलेल्या एका इंग्रज युद्धनौकेनें होड्या पाठवून डच जहाजें पकडलीं. पकडण्याची जागा हद्दीबाहेर होती असें धरलें, तरी तटस्थाच्या अंगणांत उभें राहून शिकार करणें अन्यायाचें, असें ठरवून स्कॉट ह्यांनीं तीं सोडविलीं. १८०५ सालीं मिसिसिपी नदीच्या मुखाशीं अमेरिकेच्या हद्दींत पकडलेलें ‘अॅना’ जहाज त्यांनीं परत देवविलें. शिवाय पकडणाऱ्या इंग्रजांस खर्च व नुकसानभरपाई भरावयास लाविली.

ते सर्वथा निर्दोष होते असें नाहीं. १८०७ सालच्या राजाज्ञांनीं तटस्थांचा व्यापार आवळला, तेव्हां त्या आज्ञा त्यांनीं अमलांत आणिल्या. १८२७ सालीं तर ग्रेस नांवाची दासी इंग्लंडांत राहून अँटिगा बेटावर परतल्यावर पुन्हां दासीच ठरते, असा निकाल त्यांनीं दिला. कायद्याच्या अक्षरापुढें दया हरली, हें आम्हांस खेदानें नमूद करावें लागतें.

१८२१ सालीं त्यांस लॉर्ड ही पदवी मिळाली. १८२८ सालीं निवृत्त होऊन ता. २८ जानेवारी १८३६ रोजीं ते निवर्तले. १८१२ सालीं इंग्लंडशीं लढलेल्या अमेरिकेचे न्यायाधीशही त्यांचे निकाल आदरानें आधारास घेत.

विद्यार्थिमित्रांनो, खेळाच्या मैदानावर पंच होऊन आपल्याच शाळेचा गडी बाद झाला असें सांगण्याची पाळी तुम्हांवर केव्हां तरी येईल. तेव्हां ह्या न्यायाधीशाची आठवण करा. परमेश्वराच्या तराजूंत स्वकीय व परकीय असा भेद नाहीं.