गोन्सालो : रणनाम धारण करणारा शांतिदूत

गोन्साल्विस हे आडनाव वसईच्या गावोगावी आढळते. त्याचा मूळ अर्थ गोन्सालोचा पुत्र. मात्र गोन्सालो हे नाव मुळात पोर्तुगीज नव्हे, हे ऐकून आमच्या अनेक वाचकांना नवल वाटेल. आयबेरियावर राज्य करणाऱ्या व्हिसिगॉथ या जर्मानिक लोकांचा तो वारसा आहे. लॅटिन दस्तऐवजांत ते गुंदिसाल्वुस असे लिहिलेले सापडते आणि त्यातील ‘गुंद’ म्हणजे युद्ध. गॉथांचे राज्य इ. स. ७११ नंतर लयास गेले, नाव मात्र टिकले. १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि ते आमच्या किनाऱ्यावर पोहोचले.

सुमारे १५५६ साली वसईत एका पोर्तुगीज सैनिकाला स्थानिक पत्नीपासून पुत्र झाला. सैनिकाच्या घरी रणवाचक नाव शोभलेही असेल! परंतु या गोन्सालो गार्सियाने शस्त्राचा मार्ग धरला नाही. येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत तो शिकला, किशोरवयातच त्यांच्यासमवेत जपानला गेला आणि तेथील भाषा आत्मसात करून धर्मशिक्षक झाला. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्याची मनीषा अपुरीच राहिली. हे शल्य घेऊन तो व्यापाराकडे वळला व त्यात यशस्वीही झाला. पुढे मनिला येथे सर्वसंगपरित्याग करून तो फ्रान्सिस्कन ब्रदर झाला.

१५९३ साली फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे शांततेच्या वाटाघाटींसाठी फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना धाडले. त्यांचे दुभाषी ब्रदर गोन्सालो होते. युद्धाचे नाव लाभलेला हा वसईकर दोन सत्तांमधील युद्ध टळावे म्हणून बोलत होता, हे आम्हांला विशेष वाटते.

काही काळ सख्य राहिले. १५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले, त्यातील मालावरून वाद पेटला आणि हिदेयोशीचा रोष मिशनऱ्यांवर कोसळला. क्योतो येथे बंदिवानांच्या डाव्या कानाचा भाग छाटण्यात आला. ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. तेथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, सतरा प्रापंचिक आणि तीन येशूसंघीय होते. ज्या संघाचे दार उघडले नाही, त्याच संघाचे बंधू अखेरीस गोन्सालोंच्या रांगेत उभे होते.

१६२७ साली पोप आठवे अर्बन यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले, तर ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संतपद बहाल केले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. ५ फेब्रुवारी हा संत आगाथा हिचा सण असल्याने या हुतात्म्यांचे स्मरण ६ फेब्रुवारीस केले जाते.