कुंभाराची परीक्षा

आमच्या बीड जिल्ह्यास लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यांत तेरणाकांठीं तेर हें गांव आहे. 'पेरिप्लस' या प्राचीन ग्रीक ग्रंथांत उल्लेखिलेलें तगर नगर तें हेंच. तेथें संत गोरोबा कुंभार होऊन गेले. परंपरेप्रमाणें इ. स. १३१७ मध्यें त्यांनीं देह ठेविला.

एकदां संतमेळ्यांत गोरोबांनीं थापटण्यानें प्रत्येकाचें मस्तक तपासिलें व एकट्या नामदेवांस कच्चें मडकें ठरविलें, अशी कथा आहे. नामदेव प्रथम रुष्ट झाले. पुढें विसोबा खेचरांस शरण गेले.

नवल हें कीं, ही कथा नामदेवांच्याच गाथेंत येते. परंतु त्या गाथेंत पुढील काळांतील विष्णुदास नामा यांचेही अभंग मिसळले असल्यानें कर्तृत्वाचा वाद आहे. कुंभारांच्या भट्टीवरील एक जुनें ग्रीक काव्यही कोणी होमरचें म्हणत, कोणी हेसिअडचें.

हा शोध आम्हांस निरर्थक वाटत नाहीं. कथा नामदेवांनीं स्वतः रचिली असल्यास ती थोर पुरुषानें दिलेली स्वतःच्या उणिवेची कबुली होय. दुसऱ्यानें रचिली असल्यास ती लोकांनीं कुंभाराच्या पारखीस दिलेली मान्यता होय. विद्यार्थिमित्रहो, दोहोंपैकीं कांहींही ठरो. कष्टकऱ्याच्या हातचें ज्ञान दोन्हीं पक्षीं खरेंच ठरतें.